जुन्या मोटारीचे काटे खोटे बोलू लागतात तेव्हा

पुण्याहून नगर रस्त्याने निघावे, वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव मागे टाकावे आणि न्हावरे फाट्यावरून आत वळून घोड नदीच्या काठचे इनामगाव गाठावे, हा सुमारे ९० किलोमीटरचा प्रवास आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे केलेल्या उत्खननामुळे हे गाव ताम्रपाषाण युगाच्या अभ्यासकांना जगभर परिचित झाले. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील गावी, शेतावर किंवा नातलगांकडे जाणारी पुण्यातील कुटुंबेही याच परिसरातून नित्य ये-जा करतात. घरची जुनी मारुती ८००, एखादी जपून ठेवलेली पद्मिनी किंवा अँबेसेडर अशा प्रवासाला बाहेर काढली जाते, आणि गाडीच्या डॅशबोर्डवरील काट्यांची खरी परीक्षा येथेच होते. वाघोलीच्या वाहतूक कोंडीत तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे सरकू लागतो आणि तो खरा की खोटा, हे चालकाला कळत नाही. किंवा महामार्ग सोडून उसाच्या शेतांमधून जाताना इंधनाचा काटा निम्म्यावर असूनही इंजिन आचके देऊन बंद पडते.

पहिल्या प्रसंगात खऱ्या काट्यावर अविश्वास दाखवला, तर सिलिंडर हेड वाकडे होऊन हजारो रुपयांचा भुर्दंड पडतो. दुसऱ्या प्रसंगात खोट्या काट्यावर विश्वास ठेवला, तर रस्त्यावर ताटकळावे लागते. जुन्या गाडीत मीटर बिघडले की ‘काटा खराब झाला आहे, दुर्लक्ष करा’ किंवा ‘सगळे मीटर नवे टाका’ असे दोनच सल्ले बहुधा मिळतात. वास्तविक डॅशबोर्डमधला मीटर स्वतः क्वचितच बिघडतो. दोष बहुतेक वेळा त्याच्याकडे माहिती पोहोचविणाऱ्या तारेत, जोडणीत, अर्थमध्ये किंवा दुसऱ्या टोकाच्या युनिटमध्ये असतो. हे ध्यानात घेऊन क्रमाने तपासणी केली, तर मीटर उघडण्याची वेळ फारशी येत नाही.

काटा हलतो कसा

मारुती ८०० या गाडीचे वितरण डिसेंबर १९८३ मध्ये सुरू झाले आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यातील अँबेसेडरचे उत्पादनही बंद पडले. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी पद्मिनी त्याआधीच इतिहासजमा झाली होती. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. घडण वेगवेगळी असली, तरी या पिढीतील गाड्यांच्या काट्यांमागील तत्त्वे मोजकीच आहेत.

इंधनाचा आणि तापमानाचा काटा विजेवर चालतो. टाकीत तरंगणारा फ्लोट एका दांडीला जोडलेला असतो आणि दांडी वर-खाली झाली की रोध बदलतो. इंजिनातील पाण्याच्या मार्गात बसवलेल्या युनिटचा रोध पाणी तापेल तसा घटत जातो. बॅटरीकडून निघालेला प्रवाह मीटरमधून या युनिटकडे जातो आणि तेथून गाडीच्या पत्र्यातून किंवा इंजिनातून बॅटरीकडे परततो. प्रवाह जितका अधिक, तितका काटा अधिक वळतो. यातील परतीचा मार्ग, म्हणजे अर्थ, हा अर्धा रस्ता आहे, याचा विसर गाडीमालकालाच नव्हे, तर अनेकदा वायरमनलाही पडतो.

मीटरचे दोन मुख्य प्रकार आहेत. एका प्रकारात दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि काटा हलवते. चावी फिरवल्यावर काटा सावकाश, वीस-तीस सेकंद घेत वर चढत असेल, तर मीटर या प्रकारचा आहे असे समजावे. हा संथपणा दोष नव्हे. दुसऱ्या प्रकारात चुंबकीय वेटोळी असतात आणि काटा चटकन उसळतो. जोडपट्टीच्या मीटरला स्थिर दाबाची वीज लागते. त्यासाठी डॅशबोर्डच्या मागे एक छोटा व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो. ब्रिटिश परंपरेच्या गाड्यांत तो बॅटरीचे १२ व्होल्ट तोडून-जोडून सरासरी १० व्होल्ट करतो. जपानी घडणीच्या काही मीटरमध्ये हा दाब सातच्या आसपास असतो आणि स्टॅबिलायझर इंधनाच्या मीटरच्या पोटातच बसवलेला असतो.

आधी सर्व काटे एकत्र पाहावेत

निदानाची सुरुवात हत्यारे न घेता करता येते. कोणते काटे एकाच वेळी चुकतात, एवढे नीट पाहिले तरी निम्मे काम होते.

इंधन आणि तापमान हे दोन्ही काटे एकदम निपचित पडले, तर टाकीतले युनिट आणि इंजिनातले युनिट एकाच दिवशी निकामी झाले असण्याची शक्यता जवळपास नाही. अशा वेळी दोघांना सामाईक असलेल्या गोष्टींकडे, म्हणजे फ्यूज, मीटरला येणारी वीज आणि स्टॅबिलायझर यांच्याकडे पाहावे. दोन्ही काटे एकाच वेळी जास्त दाखवू लागले, टाकी भरलेली आणि इंजिन तापलेले दिसू लागले, तर स्टॅबिलायझर पूर्ण १२ व्होल्ट पुढे सोडत असण्याची दाट शक्यता असते. जुन्या धाटणीच्या स्टॅबिलायझरला स्वतःचा अर्थ लागतो. त्याची पेटी पत्र्याला नीट टेकलेली नसेल, तर तो दाब तोडणेच थांबवतो आणि काटे वर चढून बसतात. स्टॅबिलायझर बदलण्याआधी त्याचा स्क्रू सोडून खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासून पुन्हा कसावा. बरेचदा तेवढ्यावर भागते.

हा जुना स्टॅबिलायझर तपासताना डिजिटल मल्टीमीटरवरील आकडे सारखे बदलत राहतात. तो मल्टीमीटरचा दोष नसून दाब तोडण्या-जोडण्याचा परिणाम असतो. त्यापेक्षा साधा टेस्ट लॅम्प लावावा. तो लुकलुकत असेल, तर स्टॅबिलायझर जिवंत आहे. सलग पेटून राहिला किंवा पेटलाच नाही, तर बदलावा. आता तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वापरून हेच काम अल्प खर्चात होते. मात्र मूळ दाब किती होता, हे पाहूनच तो निवडावा.

आणखी एक खूण फार उपयोगी आहे. हेडलाइट लावताच काटे जागचे हलतात काय, इंडिकेटरच्या ठेक्यावर इंधनाचा काटा थरथरतो काय, ब्रेक दाबला की तो किंचित खाली येतो काय, हे पाहावे. यातले काहीही होत असेल, तर मीटरला हात लावण्याचे कारण नाही. दिव्यांचा प्रवाह परतीचा नीट मार्ग न मिळाल्याने मीटरच्या मार्गात घुसत आहे, म्हणजेच अर्थ खराब आहे.

अर्थ: दुर्लक्षित दुखणे

जुन्या गाडीत अर्थ खराब होण्याची कारणे आपल्या हवामानातच आहेत. पावसाळ्यातील ओल, उन्हाळ्यातील धूळ, घराबाहेर महिनोन् महिने उभी असलेली गाडी आणि पुन्हा पुन्हा केलेले रंगकाम यांमुळे तारेचे टोक व पत्रा यांच्यामध्ये गंजाचा किंवा रंगाचा थर येतो. गाडीला नवा रंग दिल्यानंतर काटे वेडेवाकडे वागू लागल्याची तक्रार ऐकू येते, तिचे मूळ बहुधा येथेच असते. रंगाऱ्याने अर्थच्या बोल्टखालचा पत्राही तितक्याच निगुतीने रंगवलेला असतो.

तपासणी सोपी आहे. मल्टीमीटर व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे मीटरच्या पेटीला किंवा तिच्या अर्थच्या तारेला लावावे. चावी फिरवून हेडलाइट लावावेत. मल्टीमीटर जवळपास शून्य दाखवत असेल, तर अर्थ चांगला आहे, ०.२ व्होल्टहून अधिक दाखवू लागला, तर संशय घ्यावा. हीच चाचणी टाकीचा पत्रा आणि इंजिनचा ठोकळा यांवरही करावी. अगदी जुन्या, ब्रिटिश परंपरेतील काही गाड्यांत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असते. म्हणून तपासणी सुरू करण्यापूर्वी कोणते टोक अर्थला गेले आहे, हे पाहून घ्यावे.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे ते गाडीच्या सांगाड्याला एका जाड पट्टीने जोडावे लागते. इंजिन उतरवून पुन्हा चढवताना ही पट्टी लावायची राहून जाते किंवा तेलकट बोल्टवर सैल कसली जाते. मग स्टार्टरचा मोठा प्रवाह मिळेल त्या वाटेने, म्हणजे अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या केबलमधून परततो आणि ती केबल हाताला गरम लागते. तापमानाचे युनिट इंजिनमधूनच अर्थ घेत असल्याने त्याचा काटाही या गाड्यांत भलतेच काही दाखवतो. शंका आली, तर बॅटरी जोडण्याची जाड केबल घेऊन बॅटरीचे ऋण टोक थेट इंजिनला जोडून पाहावे. काटा सुधारला, तर रोग सापडला.

ऐंशीच्या दशकापासूनच्या अनेक गाड्यांत मीटरच्या मागे सुट्या तारांऐवजी तांब्याच्या रेघा असलेला प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. सॉकेट ओढून काढताना किंवा जास्त क्षमतेच्या बल्बच्या उष्णतेने या रेघा तडकतात. डॅशबोर्डवर थाप मारली की काटा जागा होतो, ही याची ओळख. तडकलेली रेघ बारीक तार डागून जोडता येते. त्यासाठी सबंध मीटर बदलण्याची गरज नसते. गावाकडे गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीशेजारी उभ्या राहिलेल्या गाडीत मात्र आणखी एक शक्यता विसरू नये. उंदरांना तारांवरील आवरण फार आवडते.

इंधनाचा काटा

इंधनाचा काटा एकटाच चुकत असेल, तर तारेची चाचणी करावी. टाकीकडे जाणारी तार डिकीतल्या किंवा मागील आसनाजवळच्या जोडावर सोडवावी. टाकीच्या तोंडाशी ठिणगी पडता कामा नये, म्हणून ही चाचणी टाकीपासून शक्य तितकी दूर करावी. तार मोकळी असताना चावी फिरवून काटा पाहावा, मग तार साधारण १० ओहमच्या रेझिस्टरमधून किंवा पाच वॅटच्या छोट्या बल्बमधून पत्र्याला टेकवावी. तार थेट पत्र्याला टेकवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. पण जोडपट्टीच्या मीटरमधले वेटोळे त्यामुळे जास्त तापून जळू शकते, तेव्हा तो मोह टाळलेला बरा.

ब्रिटिश आणि जपानी घडणीच्या गाड्यांत टाकी भरली की रोध कमी होतो. म्हणून तार मोकळी असताना काटा रिकाम्या टाकीची खूण दाखवील आणि अर्थला टेकवल्यावर भरल्याच्या दिशेने चढेल. काही युरोपीय आणि अमेरिकी गाड्यांत नेमके उलट असते. दिशा कोणतीही असो, काटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नीट गेला, तर मीटर आणि तार दोन्ही ठीक आहेत आणि दोष टाकीतल्या युनिटमध्ये किंवा टाकीच्या अर्थमध्ये आहे. काटा हललाच नाही, तर हीच चाचणी थेट मीटरच्या मागच्या टोकावर करावी. तेथे काटा हलला, तर मधली तार तुटलेली आहे; तेथेही हलला नाही, तरच मीटरवर दोष ठेवावा.

टाकीतल्या युनिटकडे जाण्याआधी टाकीचा अर्थ तपासावा. जुनी टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसवलेली असेल किंवा तिच्यावर गंजरोधक थर चढवलेला असेल, तर तिचा पत्र्याशी संबंध तुटतो. अशा वेळी एका तारेने टाकीचे युनिट सांगाड्याला जोडले की काटा पुन्हा कामाला लागतो.

युनिट बाहेर काढायचे झाल्यास टाकी शक्य तितकी रिकामी असावी, बॅटरीचे ऋण टोक काढलेले असावे आणि काम उघड्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात व जमिनीलगत साठते. त्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यात हे काम करू नये आणि जवळ दिवा, विडी-सिगारेट किंवा पेटता स्टोव्ह तर असूच नये. काही गाड्यांत युनिटचे झाकण मागील आसनाखाली किंवा डिकीतील चटईखाली असते, तर काहींत टाकी उतरवावी लागते. झाकणाची वायसर जुनी झाल्याने हमखास तुटते. ती आधीच आणून ठेवावी.

बाहेर काढलेल्या युनिटचा फ्लोट कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल डुचमळत असेल, तर फ्लोटला भोक पडले आहे आणि तो बुडतो. टाकी भरलेली असली तरी काटा रिकामी दाखवणार. पितळी फ्लोट डागता येतो, पण आतले पेट्रोल पूर्ण काढून, वाफ निघून गेल्यावरच आणि जाणकाराकडून. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून दांडी हळूहळू खालून वर न्यावी. आकडा सलग बदलत गेला पाहिजे. मध्येच तो तुटत असेल, तर त्या जागी रोधाची तार झिजली आहे. काटा निम्म्यावर आला की एकदम कोसळतो किंवा वळणावर नाचतो, याचे कारण बरेचदा हेच असते, कारण सर्वसाधारणपणे टाकी निम्म्याच्या आसपासच राहते आणि तोच भाग सर्वांत जास्त घासला जातो.

अलीकडच्या काळात यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल देशभर पोहोचले. त्यातील बराचसा इथेनॉल उसापासून येतो आणि शिरूर-दौंडचा ऊसपट्टा त्यापासून दूर नाही. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेतो. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीच्या टाकीत त्यामुळे गंज वाढतो, युनिटचे संपर्क काळवंडतात आणि जुनी रबरी वायसर लवकर कडक होते किंवा फुगते. टाकीच्या तळाला साचलेला मळ सुटून पेट्रोल फिल्टरकडे जातो, तेव्हा इंधनाचा काटा बरोबर असूनही गाडी पेट्रोल संपल्यासारखी बंद पडते. मीटरला दोष देण्यापूर्वी फिल्टर पाहून घ्यावा.

दुरुस्त झालेला काटाही नेमका किती दाखवतो, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. टाकी जवळजवळ रिकामी असताना पाच-पाच लिटर पेट्रोल टाकून प्रत्येक वेळी काट्याची जागा लिहून ठेवावी. ही चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत असली, की लांबच्या रस्त्यावर अंदाज बांधता येतो.

तापमानाचा काटा

या काट्याबाबत नियम उलटा आहे. इंधनाच्या काट्यावर संशय घ्यावा, पण तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्यात गेला, तर तो खोटा असल्याचे सिद्ध होईपर्यंत खरा मानावा. गाडी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि थांबावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने ते १०० अंशांच्या वरही उकळत नाही आणि झाकण उघडताच चेहऱ्यावर उसळते.

खरी फसगत वेगळीच असते. पाण्याचा पाइप फुटून इंजिनातले पाणी निघून गेले की तापमानाचे युनिट पाण्याबाहेर उघडे पडते. मग काटा वर जाण्याऐवजी खाली येऊ शकतो, आणि काटा उतरला म्हणून निश्चिंत झालेला चालक तापलेले इंजिन हाकत राहतो. चढलेला काटा कारणाशिवाय झपाट्याने खाली आला, हीटर चालू असूनही त्यातून थंड हवा येऊ लागली किंवा इंजिनचा आवाज बदलला, तर लगेच थांबावे.

काटा संशयास्पद वाटल्यास थंड इंजिनावर चाचणी करावी. चावी फिरवल्यावर थंड गाडीतही काटा गरम दाखवत असेल, तर युनिटवरची तार काढून पाहावी. काटा खाली आला, तर युनिट खराब. तरीही वरच राहिला, तर तार वाटेत कुठेतरी पत्र्याला घासून टेकली आहे. काटा अजिबात हलत नसेल, तर काढलेली तार इंधनाच्या काट्याप्रमाणेच रेझिस्टरमधून इंजिनला टेकवावी. काटा चढला, तर युनिट बदलावे. युनिट बदलताना पाणी गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची टेप जाड गुंडाळण्याची सवय अनेकांना असते. एका तारेचे युनिट आट्यांमधूनच अर्थ घेते. टेपमुळे तो तुटतो आणि नवे कोरे युनिटही चुकीचे दाखवते.

काटा कायम थंडच राहतो, ही तक्रार आपल्याकडे फार आढळते आणि तिचे कारण पुष्कळदा मीटरच्या बाहेर असते. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही’ असे म्हणून एखाद्या मेकॅनिकने तो काढून टाकलेला असतो. इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त जळते आणि काटा बिचारा खरे तेच सांगत असतो. थर्मोस्टॅटच्या घरावर रोखून तापमान सांगणारा इन्फ्रारेड थर्मामीटर आता सहज मिळतो. गाडी चालवून तापल्यावर त्यावर साधारण ८० ते ९५ अंश दिसत असतील आणि काटा काही वेगळे सांगत असेल, तरच काट्याकडे वळावे. ज्या गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो, त्यांत पंख्याचा स्विच बहुधा वेगळा असतो. म्हणून पंखा सुरू होतो यावरून काटा बरोबर असल्याचा निष्कर्ष काढू नये.

फार जुन्या काही गाड्यांत तापमानाचा मीटर विजेवर चालत नाही. इंजिनातील द्रवाने भरलेल्या कुपीपासून मीटरपर्यंत केसासारखी तांब्याची नळी गेलेली असते. ही नळी तुटली की द्रव उडून जातो आणि मीटर निकामी होतो. तो विशेष कारागिराकडेच द्यावा लागतो. इंजिन उतरवताना ही नळी वाकवली न जाण्याची काळजी मालकानेच घ्यावी.

तेलाचा आणि चार्जिंगचा दिवा

तेलाचा तांबडा दिवा चावी फिरवल्यावर पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत विझला पाहिजे. चावी फिरवल्यावर तो पेटतच नसेल, तर गाडीत इशारा देणारे काहीच उरलेले नाही, हे समजावे. बल्ब, तार आणि स्विच त्याच दिवशी पाहावेत. स्विचवरची तार काढून इंजिनला टेकवल्यावर दिवा लागला, तर स्विच बदलावा. धावत्या गाडीत दिवा पेटला, तर स्विच खराब आहे की तेलाचा दाब गेला आहे, याचा तर्क करीत पुढच्या गावापर्यंत जाणे महागात पडते. इंजिन थांबवून आधी तेलाची पातळी पाहावी. पातळी ठीक असेल, तर गॅरेजमध्ये स्विचच्या जागी दाबमापक लावून खात्री करता येते.

चार्जिंगच्या दिव्याचे एक वैशिष्ट्य अनेकांना ठाऊक नसते. बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीचा प्रवाह याच बल्बमधून मिळतो. बल्ब गेला, तर अल्टरनेटर चार्ज करणेच टाळू शकतो. डॅशबोर्ड उजळ दिसावा म्हणून सर्व बल्ब काढून एलईडी बसविण्याची हौस येथे नडते, कारण एलईडीतून तेवढा प्रवाह जात नाही. या एका जागी मूळ क्षमतेचा साधा बल्बच ठेवावा. बॅटरीच्या टोकांवर इंजिन बंद असताना साधारण १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे.

स्पीडोमीटर

जुन्या गाडीच्या स्पीडोमीटरला वीज लागत नाही. गिअरबॉक्सपासून निघालेली केबल मीटरमधील चुंबक फिरवते आणि चुंबकाच्या ओढीने अॅल्युमिनियमची वाटी स्प्रिंगविरुद्ध वळते. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती शंभर वर्षे टिकली.

वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही थांबले, तर केबल तुटली आहे किंवा गिअरबॉक्सकडील दाते झिजले आहेत. आकडे फिरतात पण काटा पडून आहे, तर दोष मीटरच्या आत आहे. काटा चालतो पण आकडे थांबले, तर आतील प्लॅस्टिकचे चक्र फुटले आहे. कमी वेगात काटा फडफडत असेल आणि डॅशबोर्डमधून किरकिर ऐकू येत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठेतरी तीव्र वाकली आहे. आतली तार बाहेर ओढून पुसावी, टेबलावर गुंडाळत फिरवून ती कुठे उडी मारते ते पाहावे आणि ग्रीस लावून परत बसवावी. ग्रीस फक्त गिअरबॉक्सकडील दोन तृतीयांश भागाला लावावे. वरच्या टोकाला लावलेले ग्रीस फिरत्या तारेबरोबर मीटरमध्ये चढते आणि वाटी चुंबकाला चिकटते. मग गाडी रांगत असताना काटा शंभराच्या पुढे जातो.

अचूकता तपासण्यासाठी नगर रस्त्यावरील किलोमीटरचे दगड पुरेसे आहेत. वेग ६० वर स्थिर ठेवल्यास दोन दगडांमधील अंतर ६० सेकंदांत, ५० वर ७२ सेकंदांत कापले गेले पाहिजे. घड्याळ अर्थातच शेजारी बसलेल्याने पाहावे. टायरचा आकार बदललेला असेल, तर फरक पडणारच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार गाडीत स्पीडोमीटर असणे बंधनकारक आहे, आणि १५ वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हा बंद काटा अडचणीचा ठरू शकतो.

मीटर बदलावाच लागला, तर पुण्यात नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने आणि रविवार-बुधवारचा जुना बाजार हे शोधाचे पहिले ठिकाण. जुना मीटर घेताना मीटरच्या मागील शिक्का पाहून तो आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सशी जुळतो की नाही, हे तपासावे, कारण दिसायला सारख्या मीटरमध्येही प्रति किलोमीटर फेऱ्यांची संख्या वेगळी असते. इंधनाचा मीटर आणि टाकीतले युनिटही एकाच घडणीचे असावे लागते. बदललेल्या दिवशी जुन्या मीटरवरील किलोमीटरचा आकडा, नव्यावरचा आकडा आणि तारीख सर्व्हिसच्या वहीत लिहून जुन्या मीटरचे छायाचित्र जोडून ठेवावे. पुढे गाडी विकताना किलोमीटर मागे फिरवल्याचा आळ त्यामुळे येत नाही.